दोन लोखंडांमधले रबर

माणसाने शहाणपण कोठे आणि कोणाकडून शिकावे, याला काही नियम नाही. मी पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. त्या काळात पुष्कळ ग्रंथ वाचले, निदान वाचले असे सांगितले. पण गेल्या श्रावणात मी जो एक धडा शिकलो, तो होटगी रस्त्याकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये, ग्रीझने कोपरापर्यंत माखलेल्या एका मिस्त्रीच्या तोंडून. धडा एका ओळीचा आहे. परंतु तो समजायला मला तीन दिवस, दोन दुकाने आणि एक भंगारवाला लागला. तेव्हा तो सांगायला दोन-चार पाने लागली तर वाचकांनी रागावू नये. फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडून बसलेला वाचक एरवीपेक्षा अधिक क्षमाशील असतो, असा माझा अनुभव आहे.

आमच्याकडे एक जुनी पद्मिनी मोटार आहे. पद्मिनी म्हणजे तीच, जिला लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. आमच्या अण्णांनी ती १९८४ साली घेतली. नव्या पेठेत त्यांचे चादरी आणि टॉवेलांचे लहानसे दुकान होते. दुकान लहान असले तरी अण्णांचा आवाज मोठा होता आणि अभिमान त्याहून मोठा. त्या अभिमानात या गाडीचा वाटा फार. तिचा कारखाना होता कुर्ल्याला. तो ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा, ती कंपनी १९४४ साली काढली वालचंद हिराचंद यांनी. आणि वालचंदांचा जन्म आमच्या सोलापूरचा, १८८२ सालचा. विमान, जहाज आणि मोटार या तिन्हींचे कारखाने या देशात उभे राहावेत असा ध्यास घेतलेला माणूस आपल्या गावचा, हे अण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवीत आणि वर म्हणत, "ही काही परक्याची गाडी नव्हे. घरचीच आहे!"

पुढे ती गाडी कारखान्यातून निघणेच या शतकाच्या तोंडाशी थांबले. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून गेली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्यावर मृत्युलेखासारखे लेख लिहिले. आमची मात्र अजून चालते. अण्णा गेल्यावर ती आईच्या नावावर झाली. दर पाच वर्षांनी तिचे कागद नवे करून घ्यावे लागतात. ते करताना मी दर वेळी हे शेवटचे असे म्हणतो आणि दर वेळी करून घेतो. कारण आई वर्षातून एकदा श्रावणात तुळजापूरला जाते, आणि जाते ती याच गाडीतून. मुलाच्या नव्या गाडीत वारा थंड येतो, काच खाली करता येत नाही आणि देवीला जाताना बंद डब्यात बसू नये, असे तिचे म्हणणे आहे. आई शहाऐंशी वर्षांची आहे; तिच्याशी वाद घालण्याचे वय माझे आता राहिलेले नाही.

गेल्या आषाढात एके दिवशी तिला डॉक्टरांकडे नेत होतो. सात रस्त्याला सिग्नल लागला. गाडी थांबली आणि थांबताच अंगात आल्यासारखी कापू लागली. स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा थरथरत होता, काचा वाजत होत्या, पुढच्या कप्प्यातला माझा चष्म्याचा डबा हळूहळू चालत कडेला आला आणि खाली पडला. मागून आई म्हणाली, "अरे, हिला हुडहुडी भरलीय का?"

मी हसलो, पण आरशात पाहिले तर आईने एका हाताने पुढची सीट आणि दुसऱ्या हाताने आपली कंबर धरलेली होती.

दुसऱ्याच दिवशी गाडी मिस्त्रीकडे नेली. हा आमचा मिस्त्री पूर्व भागातला. त्याचे वडील यंत्रमागावर होते. घरी तो तेलुगू बोलतो, आमच्याशी मराठी, आणि न निघणाऱ्या नटाशी कानडी. म्हणजे अस्सल सोलापूरकर. त्याने मला आत बसवले, ब्रेक घट्ट दाबायला लावला, पहिला गिअर टाकून क्लच हळूच सोडायला सांगितला आणि स्वतः उघड्या बॉनेटशी उभा राहिला. इंजिन झोपेतून दचकून उठावे तसे एका अंगाने वर आले आणि धाडकन खाली बसले.

"बंद करा सर. फाउंडेशन गेलंय बगा."

फाउंडेशन म्हटल्यावर मला घराचा पाया आठवला आणि पोटात गोळा आला. तेव्हा त्याने समजावून सांगितले. इंजिन हे चेसीवर थेट बोल्टने आवळलेले नसते. मध्ये रबर असते. दोन लोखंडी पट्ट्या आणि त्यांच्या मध्ये चिकटवलेला रबराचा ठोकळा. एक पट्टी इंजिनाला, दुसरी गाडीच्या अंगाला. पुढे असे दोन आणि मागे गिअरबॉक्सखाली एक. कोणी त्याला माउंटिंग म्हणते, कोणी फाउंडेशन. इंजिनाचा सगळा भार त्यावर आणि सगळा थरकापही त्यावर.

मी घरी येऊन गणित मांडले. सवय जात नाही. गाडी नुसती उभी असताना इंजिन मिनिटाला आठशे फेरे घेते असे धरा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट. म्हणजे मिनिटाला सोळाशे धक्के! सिग्नलला दीड मिनिट थांबले की चोवीसशे. हे सगळे ते दोन-तीन ठोकळे खातात आणि आत बसलेल्याला कळूही देत नाहीत. ते धडधाकट असतात तोवर त्यांचे नावही आपल्याला ठाऊक नसते. चाळीस वर्षे गाडी चालवून मला तरी कोठे ठाऊक होते?

नातवाने फोनवर शोधून आणखी एक गोष्ट सांगितली. इंजिन असे रबरावर तरंगत ठेवण्याची युक्ती अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९३१ साली आपल्या प्लिमथ गाडीत आणली आणि तिचे नावच ठेवले 'तरंगती शक्ती'. फ्रान्सच्या सित्रोएनने ती युक्ती उचलली तेव्हा आपल्या बोधचिन्हात पाण्यावर तरंगणारा हंस घातला. आणि वालचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून सुरुवातीला बाहेर पडल्या त्या याच क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ. फियाट मागून आली. अण्णा असते तर हे ऐकून त्यांनी त्या हंसालाही सोलापूरचा ठरवले असते.

आता प्रश्न आला तो ठोकळे आणायचे कोठून आणि कसले. मिस्त्री म्हणाला, "जुनं मिळतंय, नवं बी मिळतंय. बघून या. मजुरी दोन्हीला आठशेच."

मी स्वभावाने काटकसरी आहे. घरात याला दुसरा शब्द वापरतात. म्हणून आधी भंगारवाल्याकडे गेलो. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला त्याचे मोठे अंगण आहे. एका कोपऱ्यात चाके नसलेली निळी पद्मिनी विटांवर बसली होती आणि तिच्या बॉनेटमधून गवत वर आले होते. मालकाने तिचे पुढचे दोन्ही ठोकळे काढून माझ्यासमोर ठेवले. "ओरिजिनल माल आहे साहेब. कंपनीचा. असला आता मिळणार नाही." जोडीचे तीनशे रुपये. नंतर पेठेतल्या एका दुकानात विचारले, तर नव्या जोडीचे नऊशे. सहाशे रुपयांचा फरक! शिवाय इकडे 'ओरिजिनल' हा शब्द. जुने ते सोने म्हणण्याच्या वयाला आलेल्या माणसाला तो शब्द फार गोड लागतो. मी तीनशे रुपये मोजले आणि पिशवीत ठोकळे टाकून विजयी मुद्रेने शेडमध्ये आलो.

मिस्त्रीने एक ठोकळा हातात घेतला, काही न बोलता त्याच्या रबरात अंगठ्याचे नख रोवले. नख आत गेले नाही. मग त्याने तो जरा वाकवून उजेडात धरला; रबर आणि लोखंड जेथे मिळतात तेथे केसासारख्या भेगांची जाळी दिसली.

"सर, भाकरी कडक चांगली. रबर कडक काय कामाचं?"

मी म्हटले, "अरे, पण कंपनीचा आहे."

"कंपनीचाच हाय की. पर कवाचा?"

मी हिरमुसलो, पण हार मानली नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका दुकानदाराने माळ्यावरून धूळ झटकून एक खोका काढला. खोक्यावरची अक्षरे फिकट झालेली, पण आतला माल न वापरलेला, लोखंडावरचा काळा रंगसुद्धा शाबूत. नवे आणि ओरिजिनल दोन्ही एकत्र! जणू माझ्या पेचाचे उत्तरच देवाने माळ्यावर ठेवले होते. शहाणपण म्हणून या वेळी पैसे दिले नाहीत. बघायला म्हणून एक नग घेऊन आलो. मिस्त्रीने पुन्हा नख रोवले आणि मान हलवली.

"हे नवं हाय सर, पर ताजं न्हाई. खोक्यात बसून बसून म्हातारं झालंय. लग्न न झालेला माणूस साठीचा होत न्हाई का?"

मग त्याने मला जे सांगितले त्याचा अर्थ माझ्या भाषेत असा. लोखंडाचे आयुष्य वापरावर मोजतात. रबराचे आयुष्य पंचांगावर. रबर कच्चे असते तेव्हा उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. गंधकाबरोबर तापवले म्हणजे त्याला टिकाऊ लवचिकपणा येतो. गुडइयर नावाच्या अमेरिकनाने या कृतीचे पेटंट १८४४ साली घेतले. पण तो लवचिकपणा कायमचा नसतो. हवा त्याला लागते, उष्णता लागते, वर तेल गळले तर ते फुगून मऊ पडते. गाडी धावो अथवा उभी राहो, ते म्हातारे होतच असते. आणि सोलापूरच्या बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात जरा लवकरच होते.

"म्हणून सांगतो," मिस्त्री हात पुसत म्हणाला, "दाराचं हँडल जुनं घ्या, बंपर जुना घ्या, कार्बुरेटरची बॉडी जुनी घ्या. लोखंड जुनं चालतंय. रबर जुनं नको. त्यानं लई झेललेलं असतंय."

धडा तो हाच. पण त्या दिवशी मला तो फक्त गाडीपुरता समजला. मी मनात हिशेब केला. जुना जोड आणि मजुरी मिळून अकराशे, आणि वर्षात गेला तर पुन्हा अकराशे. नवा सतराशेला पडला तरी पाच वर्षे टिकला तर वर्षाला तीनशे चाळीस. गणिताचा मास्तर असून मी फक्त वजाबाकी केली होती, भागाकार केलाच नव्हता! तरीही सहाशे रुपये आणि तो 'ओरिजिनल' शब्द मनातून जाईना. उद्या सांगतो, असे म्हणून घरी आलो.

आता येथे घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे. माझा थोरला भाऊ, दादा, पुण्याला असतो. अण्णांच्या दुकानाचा गाळा आम्हा दोघांचा. तो विकावा असे दादाचे मत, राखावा असे माझे. त्यावरून दोन वर्षांपूर्वी शब्दाला शब्द लागला आणि आम्ही एकमेकांशी बोलेनासे झालो. व्यवहार मात्र अडला नाही, कारण मध्ये आई होती. दादाचा फोन तिला रोज रात्री नऊला येतो. मला काही सांगायचे असले की मी आईला म्हणतो, "दादाला म्हणावं, असं असं." त्याला काही सांगायचे असले की तो तिला सांगतो. निरोप पोचत होते, भांडण होत नव्हते, आणि आम्ही दोघे मोठे समंजस आहोत असे आमचे आम्हालाच वाटत होते. त्या संध्याकाळीसुद्धा मी आईला एक निरोप देऊन ठेवला होता. तो चांगलाच तिखट होता.

नऊ वाजता फोन आला. आईला अलीकडे कमी ऐकू येते, म्हणून नातवाने तिच्या फोनचा आवाज बाहेर ऐकू येईल असा करून दिला आहे. एरवी त्या वेळी मी गच्चीवर असतो. त्या दिवशी पाऊस होता, म्हणून शेजारच्या खोलीत होतो.

दादाचा आवाज आला, "त्याला म्हणावं, भाड्याचा हिशेब पाठव. नाहीतर मी येऊन वही ताब्यात घेईन. दोन वर्षं नुसता खेळ चाललाय त्याचा!"

आई म्हणाली, "सांगते हं. तोही म्हणत होता, दादाला एकदा निवांत भेटायला पाहिजे."

मी चमकलो. मी असे काहीच म्हटले नव्हते. मी म्हटले होते, "दादाला म्हणावं, पुण्यात बसून हुकूम सोडू नकोस."

थोड्या वेळाने आई बाहेर आली आणि मला म्हणाली, "दादाचा फोन होता. सवड झाली की हिशेब पाठव म्हणाला. आणि पावसापाण्यात गाडी जपून चालव म्हणाला." एवढे सांगून ती खुर्चीवर बसली आणि बराच वेळ छातीवरून हात फिरवीत राहिली. मग तिने सुनेकडे रक्तदाबाची गोळी मागितली.

"रोज फोन झाला की असंच होतं त्यांना," ही मला आत येऊन म्हणाली. "तुम्ही गच्चीवर असता."

त्या रात्री मला झोप आली नाही. अण्णांचा तो मोठा आवाज आठवला. दुकानातून तापून आलेले अण्णा, आणि आम्ही दोघे भाऊ परीक्षेचे निकाल लपवीत माजघरात. त्या दोहोंच्या मध्ये स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर आई उभी असे. तिकडून येणारा गडगडाट आमच्यापर्यंत पोचेतो "अभ्यास करा म्हणताहेत" एवढाच उरे. आम्हाला वाटे अण्णा तसे मऊच आहेत. अण्णांना वाटे पोरे तशी गुणीच आहेत. साठ वर्षे तिने हेच केले. प्रथम नवऱ्याच्या आणि मुलांच्या मध्ये, आता मुलांच्या मुलांच्या वयाला तर मुलामुलांच्या मध्ये.

पदार्थविज्ञानाचा एक नियम मी शाळेत बदलीवर तास घेताना फळ्यावर लिहिला होता. शक्ती नाहीशी होत नाही, रूप बदलते. रबरात शिरलेला धक्का नाहीसा होत नाही. तो रबराच्या आत मुरतो आणि त्याची ऊब होते. प्रत्येक धक्क्याने रबर आतून किंचित तापत असते. गाडीत बसणाऱ्याला ते दिसत नाही, एवढेच. आणि मी शहाऐंशी वर्षांच्या बाईच्या हाती रोज रात्री नऊ वाजता दोन पुरुषांचा राग देत होतो, का, तर मला स्वतःला फोन उचलायचा नव्हता. भंगारवाल्याकडून जुने रबर आणणे हा त्या मानाने लहान गुन्हा.

सकाळी मिस्त्रीला सांगितले, नवे घाल. त्याने हल्लीच तयार झालेला, पाकिटावर महिना आणि वर्ष छापलेला माल आणवला. त्यात नख रोवले की खड्डा पडे आणि सोडले की भरून येई. एका पट्टीचे भोक किंचित चुकले होते; ते त्याने कानशीने दोन मिनिटांत सरळ केले. "नव्याला असं थोडं घासून घ्यावं लागतंय," तो म्हणाला. गिअरबॉक्सखालचे तिसरेही बदलावे, असा त्याचा आग्रह. दोन नवी आणि एक जुने ठेवले तर भार सारखा वाटला जात नाही आणि नव्यांचेही आयुष्य कमी होते. त्याचे साडेतीनशे. तेही दिले. एकदा भागाकार करायला बसले की माणूस उदार होतो. भंगारवाल्याला दिलेले तीनशे शिकवणीच्या खात्यात लिहिले.

त्याच संध्याकाळी आठ वाजता, म्हणजे नवाच्या आत, मी गच्चीवर जाऊन दादाला फोन लावला.

"दादा, मी बोलतोय."

पलीकडे क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग एकदम, "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मीच बोलायचं म्हणून फोन केला."

वाचकांना वाटेल, येथे दोघा भावांचे गळे दाटून आले असतील. तसे काही झाले नाही. त्या रात्री आम्ही चांगले अर्धा तास भांडलो. गाळ्याचा प्रश्न सुटला नाही. अजूनही सुटलेला नाही. पण धक्का ज्याचा त्याला बसला, आणि आश्चर्य म्हणजे दोघांनाही तो सोसवला. शेवटी दमून दादा म्हणाला, "गाडीचं काय केलंस?"

"फाउंडेशन नवं घातलं."

"बरं केलंस. आईला तुळजापूरला नेशील तेव्हा मागं बसवू नकोस. पुढं बसव. मागच्या चाकांवर धक्के फार लागतात."

श्रावणातल्या शुक्रवारी आम्ही निघालो. आई पुढे बसली. सात रस्त्याला सिग्नल लागला, गाडी थांबली, आणि चष्म्याचा डबा जागेवरून हलला नाही. आईने माझ्याकडे पाहिले. "बंद पडली का रे?" मी सांगितले, नाही, चालू आहे. तामलवाडी मागे पडली, तुळजापूरजवळचा चढ आला, तो गाडीने तिसऱ्या गिअरमध्ये काढला. देवीचे दर्शन झाले, ओटी भरून झाली.

परत आल्यावर मी काढून आणलेले जुने ठोकळे आईच्या हातात ठेवले आणि सांगितले, "एवढी वर्षं सगळं हे झेलत होतं बघ." माझी अशी अपेक्षा होती की ती यावर काही तरी मोठे बोलेल. तिने ठोकळा उलटसुलट करून पाहिला आणि विचारले, "भंगारात याचं काय येईल?"

जेवणे झाली. साडेनऊ वाजून गेले. आई आपल्या खुर्चीवर फोन समोर ठेवून बसली होती.

"आज दादाचा फोन नाही आला?"

"आला होता. मला आला होता. भाड्याची वही घेऊन रविवारी पुण्याला बोलावलंय. तू झोपलीस का म्हणून विचारत होता. उद्या सकाळी तुझ्याशी बोलेल."

आईने माझ्याकडे जरा रोखून पाहिले. मी निरोपाच्या कडा तर घासल्या नाहीत ना, हे पाहात असावी. मग ती म्हणाली, "मग आता रोज नऊ वाजता मी काय करू?"

"निजा," ही आतून म्हणाली.

आई उठली. खोलीत जाताना दाराशी थांबली, परत आली आणि टेबलावरचा फोन उचलून तिने तो माझ्याजवळ ठेवला.